मामा म्हणालो म्हणून

सप्टेंबर लागला की तोंड बंद ठेवायचे माझे दिवस सुरू होतात. पोलंडमधल्या या सफरचंदांच्या गावात हा माझा तिसरा हंगाम. सकाळी बागेवर धुकं बसलेलं असतं, झाडांच्या रांगा त्यात अर्ध्या बुडालेल्या, आणि खाली गळून फुटलेल्या फळांचा आंबूस-गोड वास. पहिल्या वर्षी तो वास मी छातीभरून घेतला होता. आता तो आला की मी नाकावर रुमाल बांधतो. बाकी वर्षभर मी शीतगृहात असतो. तिथं मशिनच्या घरघरीत कुणी कुणाशी बोलत नाही, माझं बरं चालतं. तोडणी सुरू झाली की सगळं गाव बागेत उतरतं. मग त्या नजरा, मग ती हाक.

यंदा त्यात रेखाची भर पडली. रेखा माझी बायको. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली दोनाच्या वर मी इथं काढली. तिलाही इथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये काम मिळत होतं. मालक हो म्हणाला होता, परभणीचा एजंट हो म्हणाला होता. गेल्या सोमवारी तिनं परभणीला जाऊन पासपोर्ट त्याच्या हातात द्यायचा, एवढंच बाकी होतं. आणि तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती.

"तिथली माणसं कशी हायेत, तेवढं खरं सांगा."

मी नेहमीसारखं म्हणालो, "लय चांगली हायेत." हे खोटं नव्हतं. पण 'खरं सांगा' म्हटल्यावर तेवढं पुरतही नव्हतं. सोमवारला चार दिवस होते. ते चार दिवस मी झाडावर शिडी लावून सफरचंदं तोडत होतो आणि डोक्यात पहिला हंगाम उलगडत होतो.

आमच्याकडं हेच दिवस सोयाबीन काढायचे आणि कापसाच्या पहिल्या वेचणीचे. आमचं गाव जिंतूरहून येलदरीकडं जाताना लागतं. कापूस वेचताना कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची आणि दोन्ही हातांनी दोन बोंडं एका वेळी रिकामी करायची. बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी टोचतात, संध्याकाळी हात धुताना मीठ लावल्यासारखी आग होते. इथं पोटावर जाड कापडाची पिशवी बांधतात. पहिल्या दिवशी ती बांधली आणि माझे हात आपोआप कापसाच्या चालीनं चालायला लागले, डावा एका फांदीवर, उजवा दुसऱ्या. मालक थांबून बघत राहिला. त्यानं अंगठा वर केला. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला शाबासकीची सवय नसते. मी आठवडाभर त्या अंगठ्यावर जगलो.

शाळा कुणी सोडवली नव्हती. आठवीला जिंतूरला जावं लागायचं, येष्टी होती, जाता आलं असतं. पण गुरुजींनी वाचायला उभं केलं की माझ्या ओळी हलायच्या. मागच्या बाकावरून खुसखुस यायची. एके दिवशी दप्तर खुंटीला अडकवलं ते परत काढलंच नाही. घरी सांगितलं, शेतात माणूस कमी पडायलंय. लोक हसतील ही भीती माझ्यात तेव्हापासूनची आहे. ती भीती घेऊनच मी विमानात बसलो.

तरी सुरुवात गमतीची होती. इथं पुरुषाला आदरानं 'पान' म्हणतात आणि बाईला 'पानी'. हे रेखाला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. "म्हंजे तुमी पान आन् मी पानी?" एकदा शेडमध्ये घसा सुकला म्हणून मी "पाणी, पाणी" म्हणत बाटली शोधत होतो, तर तिथली मुकादमीण वळून उभी राहिली, काय काम आहे म्हणून. त्याचं हसू झालं, पण ते हसू माझ्यासोबतचं होतं. तिनंच बाटली आणून दिली.

मग ती दुपार आली.

स्टाशेक नावाचा एक म्हातारा बागेत ट्रॅक्टर चालवतो. सत्तरीचा असेल. एकटाच राहतो, लग्न केलेलं नाही. कानापर्यंत ओढलेली टोपी, मोठे हात, बोलणं कमी. पहिल्या आठवड्यात सकाळी रस्त्यात मी दिसलो की तो ट्रॅक्टर हळू करायचा आणि मागच्या ट्रॉलीकडं मानेनं खूण करायचा, बस म्हणून. त्या दुपारी तो ट्रॅक्टर मागं घेत होता आणि माझं भरलेलं खोकं त्याच्या मागच्या चाकाला लागत होतं. दिवसभराची फळं चिरडली असती. मी शिडीवरूनच ओरडलो.

"ओ मामा, थांबा! मामा! ओ मामा!"

दुसरं काय ओरडणार? जिंतूरच्या स्टँडवर कंडक्टर मामा, ड्रायव्हर मामा, रसवंतीवाला मामा, बाकावर शेजारी टेकलेला अनोळखी म्हातारा मामा. सोनपेठच्या बाजारात एकदा आमचा बैल सुटला, तेव्हा समोरून येणाऱ्या, कधी न बघितलेल्या माणसाला मी 'मामा, धरा' म्हणालो आणि त्यानं धरला. आम्ही अनोळखी माणसाला काका क्वचित म्हणतो. काका म्हणजे बापाचा भाऊ, त्याचा जमिनीत वाटा असतो, त्याच्याशी बांधावरून भांडण होऊ शकतं. मामाचा आपल्यात काहीच वाटा नसतो. तो आला की खाऊ घेऊन येतो आणि जाताना डोक्यावर हात ठेवून जातो. अनोळखी माणसाला मामा म्हणणं म्हणजे, बाबा, तुझं-माझं भांडायला काही नाही, असं पहिल्याच शब्दात सांगून टाकणं.

ट्रॅक्टर थांबला. खोकं वाचलं. सगळी बाग हसायला लागली. शिड्यांवरची माणसं, खालच्या बाया, खोकी मोजणारा पोरगेला कारकून, सगळे. एकानं आपली भरलेली पिशवी लेकरासारखी कडेवर घेतली, झुलवत झुलवत स्टाशेककडं नेली आणि त्याच्या छातीशी धरली. बाया तोंडाला हात लावून वाकल्या. मला काहीच कळलं नव्हतं. आपलं खोकं वाचलं म्हणून सगळे खुश झाले असतील, असं वाटलं. मीही हसलो. मोठ्यानं हसलो, सगळ्यांच्या वर.

स्टाशेक तेवढा हसला नाही.

खोलीवर आल्यावर मी फोनात तो शब्द टाकून बघितला. इथं मामा म्हणजे आई.

दुसऱ्या दिवसापासून गावाला खेळ मिळाला. दुकानाबाहेरच्या बाकावर बसणारी तरणी माणसं मी दिसलो की बारीक, रडका आवाज काढायची, "मामा! मामा!" आईपासून हरवलेल्या पोरासारखा. एक जण डोळे पुसायचा. दुकानातली बाई बाहेर बघायची, माझ्याकडं बघायची आणि ओठ दाबून पाव पिशवीत भरायची. त्या गावात माझ्या रंगाचे आम्ही तिघं-चौघंच. म्हणून लोक आधीही बघायचे. पण नुसतं बघणं निराळं. आता बघण्याला आवाज फुटला होता. बसथांब्यावर उभ्या असलेल्या आज्या माझ्याकडं बघत आपसात काही बोलायच्या, ते कदाचित हवेबद्दलही असेल. मला ते माझ्याबद्दलच ऐकू यायचं. मी शनिवारी दुकानात जायचं सोडलं. नेपाळचा एक सोबती होता, त्याच्याकडून पाव मागवायचो.

स्टाशेकलाही त्यांनी सोडलं नाही. ट्रॅक्टर रांगेत शिरला की कुणीतरी हाक मारायचंच. तो पुढं बघून चालवत राहायचा. सकाळी मी रस्त्यात दिसलो तरी आता ट्रॅक्टर हळू व्हायचा नाही. धुक्यात तो बाजूनं निघून जायचा आणि ट्रॉली रिकामी खडखडत जायची.

बोलायची मला भीती बसली. साधे शब्दही तोंडात आले की वाटायचं, याचा इथं काय अर्थ होत असेल? 'हो' म्हणायलाही घाबरायचो. एक 'दोब्झे' शिकून घेतला, म्हणजे 'बरं'. सगळ्याला दोब्झे. पाऊस आला, दोब्झे. पिशवी फाटली, दोब्झे. बागेतल्या सुरवातीच्या दिवसांत मी झाडाशीही बोलायचो, फांदीला 'सोड की बाई' म्हणायचो. तेही बंद झालं.

हे सगळं रेखाला सांगायचं तर दुसरी बाजू पुढं येऊन उभी राहते. मालकाची आई ऐंशीच्या पुढची आहे. पहिल्या हिवाळ्यात मला पातळ जॅकेटात बघून ती घरात गेली आणि तिच्या वारलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट घेऊन आली. माझ्या अंगावर चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं स्वतः लावली. मी शिडीवरून पडून हात मोडला तेव्हा मालकानं काम टाकून मला दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबला. वर्षभर मला उबदार खोली आहे. माझ्या बापाला साठ वर्षांत कुणी कोट घातला नाही. मग चार रिकामटेकड्या माणसांच्या हाकेची तक्रार कोणत्या तोंडानं करायची? आभार आणि अपमान एकाच गावाकडून येतात तेव्हा माणूस मोठ्यानं ना हे बोलू शकतो ना ते. मी 'लय चांगली हायेत' म्हणायचो आणि गप्प बसायचो.

त्या चार दिवसांत आणखी एक माणूस आठवला. इतकी वर्षं तो मला आठवलाच नव्हता.

मी शाळा सोडली त्या हिवाळ्यात येलदरीच्या धरणावर आंध्रातले मासेमार येऊन राहिले होते. पाण्याच्या कडेला प्लास्टिकच्या झोपड्या, वाळत टाकलेली जाळी. त्यातला एक जण सायकलला टोपली बांधून आमच्या गावात मासे विकायला यायचा. आम्ही त्याला अन्ना म्हणायचो. त्याला मराठी येत नव्हती. एकदा तो पारापाशी थांबला. माझी धाकटी बहीण शोभा, चार वर्षांची, नाक वाहणारी, त्याच्या टोपलीत डोकवायला लागली. त्यानं वाकून तिला एक छोटा मासा दाखवला आणि प्रेमानं जवळ बोलावत म्हणाला, "रा अम्मा, रा."

पारावर बसलेले सगळे फुटले.

"आरं, शोभीला आई म्हनायलाय ह्यो!"

"घे गं शोभे, पाज तुझ्या लेकराला!"

माझा बापही हसला. आणि मी? मी तर त्याच्या सायकलमागं पळत गेलो. पुढं महिनाभर तो दिसला की आम्ही पोरं ओरडायचो, "अम्मा! अम्मा! भूक लागली अम्मा!" सगळ्यात पुढं मी असायचो. वर्गात माझ्यावर हसणारी पोरं त्या दिवसांत माझ्या मागं पळत होती. मला फार बरं वाटत होतं. त्यांच्याकडं लहान पोरीला लाडानं अम्मा म्हणतात, हे मला फार नंतर, नांदेडला काम करताना एका तेलुगू गवंड्याकडून कळलं. तेव्हाही मला अन्ना आठवला नाही.

हळूहळू अन्ना बोलेनासा झाला. भाव बोटांनी सांगायचा. 'ताजा आहे' हे माशाचे कल्ले उघडून दाखवायचा. घंटी वाजवायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. बायांना वाटायचं, किती गरीब स्वभावाचा आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं, झोपड्या उठल्या आणि तो कुठं गेला ते कुणी विचारलं नाही.

आता सफरचंदाच्या झाडाखाली मी मान खाली घालून दोब्झे म्हणतो तेव्हा इथल्या बायांनाही तेच वाटत असेल.

रविवारी दुपारी रेखाचा फोन आला. ती रानातून घरी निघाली होती, मागं शेळीचा आवाज.

"अहो, उद्या मला परभणीला जायचंय. सांगा आता."

"काय सांगू?"

"काय सांगू काय? दरवेळी लय चांगली, लय चांगली म्हणताव आन् गप बसताव."

मग मी सांगितलं. ट्रॅक्टर, खोकं, मामा, कडेवरची पिशवी, बाकावरची माणसं, सगळं.  ऐकून घेतलं तिनं, आणि मग ती हसली. एवढी हसली की शेळी ओरडायला लागली. "सत्तर वर्षाच्या म्हाताऱ्याला आई! अगं बाई!"

मी हसलो नाही. तिचं हसणं थांबलं.

"रागावलाव का?"

"न्हाई."

"मग बोलत का न्हाईत?" मग खालच्या आवाजात, "मला काय वाटलं होतं सांगू का? मला वाटलं तुमी तिथं एखादी पानी गाठलीव."

"काय?"

"मग? दोन वर्षं झाले, फोनवर नुसतं हूं हूं करायलाव. माणूस असं कवा बोलतंय? मी माझ्या आईला बी सांगितलं. रडले बी."

दोन वर्षं ती हे पोटात घेऊन माझ्याशी शेळीच्या, कापसाच्या, शेजारणीच्या गोष्टी बोलत होती. मी खाटेवर बसलो. म्हणालो, "तसलं काई न्हाई, रेखा."

"आता कळलं की. बरं, त्या म्हाताऱ्याला सांगितलं का, मामा म्हंजे काय ते?"

"न्हाई."

"आजून न्हाई?"

"मला कुठं भाषा येती?"

"फोनाला येती की. अहो, त्याला काय वाटत आसंल? कुठला कोण परका आला आन् चार माणसात माझी टिंगल केली. तुमी सगळ्यांत मोठ्यानं हसलाव म्हणताव. मग आसंच वाटंल की."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. दोन वर्षं मी फक्त माझाच अपमान मोजत होतो. सगळं गाव ज्याच्यावर हसलं त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत ती सुरुवात मी केली होती.

"आधी त्याला सांगा," रेखा म्हणाली. "तो काय म्हणतो ते मला सांगा. मग मी पासपोर्ट देते."

सोमवारी सकाळी मी फोनात चार ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. 'माझ्या गावात आईच्या भावाला मामा म्हणतात. तुम्ही वयानं मोठे म्हणून मी मामा म्हणालो. मी तुमची थट्टा केली नव्हती. मी हसलो कारण मला कळलं नव्हतं.' चहाच्या सुट्टीत स्टाशेक ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला होता. मी जाऊन त्या ओळींचं फोनानं केलेलं पोलिश त्याच्यापुढं धरलं. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग खिशातून चष्मा काढला. ओठ हलवत, एकेक शब्द धरत तो वाचायला लागला. मी पण असाच वाचतो. यानंही शाळा लवकर सोडली असावी.

दोनदा वाचून त्यानं फोन परत दिला. मग काहीतरी बोलला. लांब बोलला, बागेकडं बघत. मला त्यातले दोनच शब्द कळले. एक दोब्झे. दुसरा 'स्योस्त्रा'. दवाखान्यात नर्सला तीच हाक मारतात, तिचा अर्थ बहीण. म्हणजे त्याला बहीण आहे म्हणाला, की होती, की नाहीच, म्हणून तो कुणाचा मामा होऊ शकत नाही, हे मला कळलं नाही. फोन त्याच्या तोंडापाशी धरायचं मला सुचलं नाही आणि परत बोला म्हणायचा धीर झाला नाही. तो उठला, चष्मा खिशात ठेवला आणि ट्रॅक्टर चालू केला. पलीकडच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात ओरडलंच, "मामा!" आमच्या दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही.

दुपारी फोन वाजला. रेखा एजंटच्या ऑफिसबाहेर उभी होती. मागं परभणीचे हॉर्न, रिक्षा.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हणला?"

"बरं म्हणला."

"नुसतं बरं?"

"आणखी काई म्हणला, ते कळलं न्हाई."

 मी एका झाडाखाली बसलो होतो, पिशवी पोटावर तशीच. तिला ये म्हणायचं होतं. कुणी संध्याकाळी खोलीत असेल, चहा कोरा करू का म्हणून विचारेल, हे डोळ्यांसमोर आलं. पण रेखा कशी आहे ते मला ठाऊक आहे. ती बांधावरून जाणाऱ्या माणसाला 'कुठं निघालाव' विचारल्याशिवाय जाऊ देत नाही. ती इथं आली की पहिल्याच तासात दहा जणींशी बोलेल, हातवारे करून, हसून. मग कुणीतरी तिची नक्कल करेल. मग ती नऊ जणींशी बोलेल. मग चार. एका हंगामात तिच्याही तोंडात एकच शब्द उरेल, आणि तो उरताना मी शेजारच्या शिडीवरून बघत असेन.

"नको देऊ," मी म्हणालो.

"का? माझ्यावर हसतेल म्हणून?"

"तू लय बोलतीस, रेखा."

"बोलते. मग?"

"मग काई न्हाई. तू तिथंच बोलत राहा."

तिच्या मागून एक रिक्षा हॉर्न देत गेली. "बरं," ती म्हणाली. इतक्या लहान आवाजात मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

तिनं फोन कापला नाही. तसाच पिशवीत टाकला असावा. खरखर झाली, चपलांचा आवाज, गर्दी, मग स्टँडवरचा भोंगा कुठल्यातरी गाडीचं नाव घेत होता. नाक ओढल्याचा आवाज आला. मी फोन कानाला लावून बसून राहिलो. रांगेच्या टोकाला खोकी भरायला माणसं परत निघाली होती.

एका बाईचा आवाज आला. "जिंतूरची लागली का गं?"

"न्हाई आजून. बसा की मावशी, सरकते मी." रेखाचा आवाज चिरका होता. "कुठल्या तुमी?"

"चारठाण्याची. लेकीला दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. आठवा लागलाय."

"अगं बाई! पहिलंच का?"

"पहिलंच. जावई म्हणतो आमच्याकडंच होऊ दे."

"जावई म्हणंल हो! पहिलं बाळंतपण माहेराला आसतंय. तुमी काय म्हणलाव मग?"

तिचा आवाज मोकळा होत होता. मालकानं लांबून हात केला, कामाला लाग म्हणून. मी मान हलवली आणि बसूनच राहिलो.

"मी कशाला ऐकते?" ती बाई सांगत होती. "मी सरळ इहिणीला फोन लावला, म्हणलं हे बघा..."

"काय म्हणल्या इहीण?" रेखानं विचारलं.

विहीण काय म्हणाली ते कळायच्या आत फोन बंद पडला.